आकडा न दाखवणारा काटा

बाबांनी नोकरीची तेहतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात घालवली. वजनमापे निरीक्षक हे त्यांच्या टेबलावरच्या पाटीवरचं नाव. बाजारात त्यांना 'काटेसाहेब' म्हणत. आमचं आडनाव काटे नाही, पण घरी येणारी निम्मी पत्रं त्याच नावाने यायची. ते भाजी घ्यायला उभे राहिले की भाजीवाला घाबरून मूठभर जास्तच घालायचा, आणि बाबा ती मूठ काढून परत ठेवायचे. जास्त देणं हीसुद्धा चूकच, असं त्यांचं मत. निवृत्त होताना कचेरीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. त्यांनी त्याऐवजी पाच किलोचं पितळी प्रमाणित वजन मागून घेतलं.

अशा माणसाच्या घरात मी आकडा न दाखवणारा काटा आणला.

झालं असं की आईच्या हृदयाचा पंप कमजोर झाला. अकरा दिवस इस्पितळात काढून ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. पंप नीट चालला नाही की अंगात पाणी साठतं. पाणी साठलं की वजन वाढतं. पाय सुजायच्या, धाप लागायच्या आधी वजन चुगली करतं. म्हणून रोज सकाळी वजन, जेवण अळणी, आणि पाण्याची गोळी, म्हणजे साठलेलं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारी. आईचं ठरलेलं वजन साडेएकसष्ट किलो. त्यावर नजर ठेवायला इस्पितळाची एक योजना होती. ते घरी काटा देत. काट्यात स्वतःचं सिमकार्ड असे. आकडा एकीकडे माझ्या फोनमधल्या अ‍ॅपवर यायचा आणि दुसरीकडे इस्पितळातल्या एका सिस्टरच्या पडद्यावर. एक-दोन दिवसांत किलोभर फरक पडला की पडदा लाल होणार आणि सिस्टर फोन करणार. मी चार तासांच्या अंतरावर राहतो. चार तासांच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांसाठी यापेक्षा सुखाची गोष्ट अजून कुणी शोधलेली नाही.

काट्यावर चढलं की काचेखाली फक्त बरोबरची हिरवी खूण उमटायची. पेशंटने आकड्यांची चिंता करत बसू नये म्हणून तशी सोय होती.

"आकडा कुठाय?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आकडा मला दिसतो."

"ज्याचं वजन त्याला दिसत नाही?"

"नाही."

"असा काटा दुकानात सापडला असता तर मी जप्त केला असता."

"बाबा, हे दुकान नाहीये."

"दुकानात निदान गिऱ्हाईक भांडू शकतं," बाबा म्हणाले. त्यांना बाजारातून एक साधा आकडेवाला काटा आणायचा होता. मी म्हटलं, एका घरात दोन काटे, दोन आकडे, मग विश्वास कोणावर ठेवायचा? हे वाक्य मला तेव्हा फार बिनतोड वाटलं होतं.

आईचा विरोध वेगळ्या मुद्द्यावर होता. "रोज सकाळी उठून वजन करायला मी काय रद्दी आहे?" ती म्हणाली. इस्पितळातून आल्यापासून तिला आपण पेशंट असल्याचा फार राग यायचा. वेगळी गोळी, वेगळी भाजी, वेगळी उशी. घरातलं सगळं दोघांचं, आणि दुखणं तेवढं हिचं एकटीचं.

"मीपण चढतो," बाबा म्हणाले. "आधी तू, मग मी. आणि दोन-दोन भाज्यांचा घोळ नको. मीपण अळणीच खाईन."

"तुम्हाला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय? तुझ्या पंक्तीला बसतोय."

मी अ‍ॅपमध्ये पाहिलं तर तशी सोय होतीच. 'घरातला आणखी सदस्य जोडा.' मी बाबांचं नाव, वय आणि वजन घातलं. सत्तर किलो. खाली लिहून आलं, 'काट्यावर कोण आहे याची ओळख आपोआप होईल.' आपोआप हा शब्द वाचला की माझ्या पिढीतल्या माणसाला पाय पसरून बसावंसं वाटतं. मी पसरून बसलो.

पुढचे पाच महिने खरोखर सुखाचे गेले. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजायचा. 'आई: ६१.५. शाब्बास! आरोग्याच्या दिशेने आणखी एक पाऊल!' लगोलग बाबा. एका रविवारी बाबांच्या नावावर एकदम पाच किलो वाढले. मी घाबरून फोन केला.

"पितळी वजन हातात घेऊन चढलो होतो," बाबा म्हणाले. "किती दाखवलं?"

"बरोबर पाच वाढलंय."

"काटा खरा आहे," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांनी त्या काट्याला माणसात घेतलं.

बाबांचं वजन मात्र उतरत होतं. सत्तरचे अडुसष्ट, पासष्ट, चौसष्ट, मग बासष्टच्या घरात. अळणी जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि ते एका शब्दाने कबूल करत नव्हते. आई फोनवर कुजबुजायची, "अरे, सांग ना त्यांना. माझ्यापायी पार चिपाड झालेत." मी सांगायचो. बाबा म्हणायचे, "तिचं किती आहे ते सांग." मी म्हणायचो, साडेएकसष्ट. "मग झालं तर."

मग एका आठवड्यात बाबांचं वजन वाढायला लागलं. त्रेसष्ट. त्रेसष्ट नऊशे. चौसष्ट पाचशे. मी खूश होऊन फोन केला. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"काय बाबा, चोरून खाताय वाटतं! दोन किलो वाढलात."

"मी?"

"नाहीतर कोण? खाल्लेलं अंगी लागतंय तुमच्या."

"अरे, कालच पट्ट्याला आत नवीन भोक पाडलं मी."

"पट्टा जुना झाला असेल. चामडं ताणतं बाबा."

चिमूटभर कमी भरलं म्हणून ज्याने भल्याभल्यांवर खटले भरले, तो माणूस माझ्या फोनपुढे नमला. "असेल," ते म्हणाले. "आकडा तुझ्याकडे आहे. तू म्हणशील ते खरं." मग म्हणाले, "हिला जरा धाप लागतेय रे. जिना चढताना मध्येच थांबते."

मी दुसरी रेघ पाहिली. "आईचं तर उतरलंय, बाबा. एकसष्टच्या खाली आलंय. म्हणजे पाणी नाही साठलेलं. थकवा असेल."

"पायपण..."

"काही नाही रे!" मागून आईचा आवाज आला. "घट्ट चपला घेतल्यात यांनी, झालं." तिला पुन्हा त्या खाटेवर अकरा दिवस पडायचं नव्हतं. त्यासाठी ती वाटेल ते बोलली असती, आणि बोललीही.

तीन दिवसांनी बाबांना सिस्टरचा फोन आला. बाई चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. तिच्याकडे असली दोनशे घरं होती आणि तिला निम्म्यांची दुखणी तोंडपाठ होती. ती म्हणाली, काकूंचं वजन ठरल्यापेक्षा किलोभर खाली आलंय, पाणी जास्तच निघतंय, चक्कर येईल. डॉक्टरांनी गोळी अर्धी करायला सांगितली आहे. तिने नियमाप्रमाणे विचारलंही, "धाप लागते का काकू? पायावर सूज?" आई म्हणाली, "छे गं, मजेत आहे. तूच दमलेली वाटतेस." बाबांनी चाकूने गोळीचे दोन सारखे तुकडे केले. सारखे म्हणजे अगदी सारखे.

गोळी अर्धी केल्यापासून आठव्या दिवशी सकाळी, दोघांची वजनं झाल्यावर, आईला श्वासच घेता येईना. मी दुपारी इस्पितळात पोचलो तेव्हा ती ऑक्सिजनचा मुखवटा लावून अर्धी बसलेली होती आणि डोळ्यांनी मला विचारत होती की जेवलास का.

तिथले तरुण डॉक्टर म्हणाले, "घरचं शेवटचं वजन किती होतं?"

"साठ आठशे. आज सकाळचंच."

"इथे वजन करणाऱ्या खाटेवर सदुसष्ट भरलंय."

त्यांनी माझा फोन पाहिला, मग आईकडे पाहिलं. दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "तुमचा घरचा काटा बिघडलाय," ते म्हणाले. "सहा-सात लिटर पाणी आहे अंगात. इतके दिवस कळलं नाही कुणाला?"

बाबा मागे उभे होते. "काय म्हणाले ते?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही. पण 'काटा' आणि 'बिघडलाय' हे दोन शब्द एकत्र उच्चारले गेले तर बाबांना ते बहिरेपणातूनही ऐकू येतात.

तिसऱ्या दिवशी, भेटायची वेळ संपायला दहा मिनिटं असताना, आई गेली. तिला सगळं वेळेच्या आत आवरायची सवयच होती.

मी रजा वाढवून घरीच राहिलो. माणसं येऊन गेली, खुर्च्या जागेवर गेल्या, आणि सातव्या दिवशी सकाळी बाबा पितळी वजन घेऊन काट्यापाशी उभे राहिले.

"तुझा फोन घे."

"बाबा, आता कशाला?"

"तेहतीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले आणि माझ्या घरात खोटा काटा पाच महिने राहिला. तो माझ्या बायकोबद्दल सहा किलो खोटं बोलला. फोन घे."

ते चढले. हिरवी खूण आली. मग वजन उचलून पुन्हा चढले. हिरवी खूण आली. माझ्या फोनवर दोन ओळी उमटल्या.

'आई: ५९.६. शाब्बास! आरोग्याच्या दिशेने आणखी एक पाऊल!'

'बाबा: ६४.६. सातत्य ठेवलंत, अभिनंदन!'

"किती?" बाबांनी विचारलं.

मी त्या पहिल्या ओळीकडे बघत होतो.

"अरे, किती?"

"बरोबर पाचचा फरक आहे," मी म्हणालो.

बाबा वजन हातात धरून तसेच उभे राहिले. "म्हणजे काटा खरा आहे," ते म्हणाले. "मग तो तिच्याबद्दल का खोटं बोलला?"

"मशीन आहे बाबा. होतं कधी कधी."

"काटा कधी कधी खोटं बोलत नाही. एकतर नेहमी बोलतो, नाहीतर कधीच नाही."

मी गच्चीवर जाऊन काट्याबरोबर आलेली पुस्तिका उघडली. पाच महिने ती प्लास्टिकच्या वेष्टनात होती. चौदाव्या पानावर, बारीक अक्षरात, चौकटीत लिहिलं होतं: काटा सदस्याला आदल्या वजनावरून ओळखतो. दोन सदस्यांच्या वजनात तीन किलोंहून कमी फरक असल्यास प्रत्येक वेळी नाव हाताने निवडावे.

सत्तर आणि साडेएकसष्ट यांत घोटाळा व्हायचं कारणच नव्हतं. पण बाबा बायकोच्या पंक्तीला बसले आणि झिजत झिजत तिच्या वजनाशी येऊन पोचले. मग एका सकाळी आई किलोभर पाण्याने जड होऊन चढली, आणि काट्याने तिला बाबा समजून घेतलं. तिच्यामागून बाबा चढले, ते आई झाले. तिथून पुढे तीन आठवडे सिस्टर बाबांचं वजन बघत होती, आणि माझ्याकडे आईचं पाणी बाबांच्या नावावर वाढत होतं आणि मी त्याचं कौतुक करत होतो. बाबांच्या रेघेवर इस्पितळात कुणाची नजर नव्हती. ते पेशंट नव्हते. ते नुसते सोबतीला चढत होते.

हे मी बाबांना सांगायचं नाही असं ठरवलं. आयुष्यात इतक्या चटकन मी फारसं काही ठरवलेलं नाही. काटा खोटा होता असं समजून ते जगले असते. राग राग करत, पण जगले असते. आपण तिच्यासाठी उपाशी राहिलो म्हणून ती कुणाला दिसली नाही, हे माहीत असलेला माणूस सकाळी उठून दात कसे घासतो, ते मला माहीत नव्हतं.

बाबा मात्र रोज सात दहाला काट्यावर चढत होते. एकदा नुसते, एकदा वजनासकट. मी रोज म्हणायचो, पाच. ते जेवायला बसायचे आणि दोन घास खाऊन उठायचे. मी काटा उचलून कपाटात ठेवायला हवा होता. पण तपासणी चालू असताना काटा हलवायचा नसतो, असं ते म्हणाले.

अकराव्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला त्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीने स्पीकर लावला.

"काका, नमस्कार, मी सिस्टर बोलतेय. काकूंचं वजन फार उतरलंय हो. अठ्ठावन्न चारशे. माझा पडदा लाल झालाय सकाळपासून. जेवत नाहीत का काकू?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो बाजूला सारला.

"कधीचं वजन हे?"

"आजचंच. सात वाजून दहा मिनिटांनी."

"सात दहाला मी चढलो होतो."

"हो, तुमचं वेगळं जातं ना काका, ते मला दिसत नाही. मी काकूंचं म्हणतेय."

"ती गेली, सिस्टर," बाबा म्हणाले. "आज अकरा दिवस झाले. तुमच्याच इस्पितळात. वरच्या मजल्यावर."

ती म्हणाली, "मला कुणी कळवलंच नाही, काका." मग तिचा आवाज फुटला. बाबा तिला म्हणाले, "रडू नका. पाणी प्या. मग एक काम करा. तुमच्याकडचे तिचे मागचे आकडे मला वाचून दाखवा, एकेका दिवसाचे." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू माझे वाच."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने दोन रकाने आखले. सिस्टर एक तारीख वाचायची, मग मी. एकसष्ट सहाशे, बासष्ट चारशे. एकसष्ट नऊशे, बासष्ट तीनशे. बासष्ट शंभर, त्रेसष्ट.

"थांबा," बाबा म्हणाले. त्या तारखेपाशी त्यांनी दोन रकान्यांच्या मधोमध एक छोटी फुली मारली, कुठलाही गाजावाजा न करता. "पुढे."

आम्ही पुढे वाचत गेलो. शेवटपर्यंत.

"सिस्टर, गोळी अर्धी केलीत तो दिवस कुठला?"

तिने सांगितला.

"तो आकडा माझा आहे," बाबा म्हणाले.

सिस्टर काहीतरी बोलत होती. बाबांनी तिला विचारलं की तुमच्या दोनशे घरांत एका काट्यावर दोन माणसं चढतात अशी किती आहेत. तिला माहीत नव्हतं. ते म्हणाले, आजच्या आज एकेकाला फोन करा, आणि आकडा कुठल्या माणसाचा ते आधी त्या माणसाला विचारा. तिने हो म्हटलं. फोन बंद झाला.

"तुला ठाऊक होतं," बाबा म्हणाले.

"सातव्या दिवशी कळलं. तुम्ही वजन घेऊन चढलात तेव्हा."

"सांगितलं नाहीस."

"तुमचं नाव मी जोडलं बाबा. पुस्तिका मी वाचली नाही. तुम्हाला आकडेवाला काटा आणायचा होता, तो मी आणू दिला नाही. चूक माझी आहे, तुमची..."

"आरोपी कोण ते तू ठरवू नकोस." ते चिडून बोलले नाहीत. ते कागदावरून बोट फिरवत होते. उजवीकडच्या रकान्यात, फुलीच्या खाली. "तू तो फोन केलास, मी वाढलोय म्हणालास, तो कुठल्या दिवशी?"

मी तारीख सांगितली.

"ती शेजारीच बसली होती तेव्हा. फोन ठेवल्यावर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, 'हुश्श. म्हणजे माझ्या दुखण्याने तुम्हाला नाही खाल्लं.' किती महिन्यांनी अशी हसली. मग उठली, मला वाढलं, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून बघत राहिली. धाप लागत होती तिला. मी म्हटलं, पड जरा. तर म्हणे, थांबा हो, बघू दे, माणूस अंग धरतंय माझं."

त्यांचं बोट कागदावर त्या तारखेशी थांबलं.

"चौसष्ट पाचशे होती," ते म्हणाले.